बाबांच्या सागवानी बुद्धमूर्तीला भेग गेलीय, लांबी (पुट्टी) भरू की तशीच ठेवू?

इंदोरा_चौक | ३ मे, रात्री १०.१५

जय भीम मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, बोधगयेला गेले होते तेव्हा त्यांनी एक लाकडी बुद्धमूर्ती आणली. सागवानाची आहे, उंची दीड फूट, पद्मासनात बसलेली, उजवा हात गुडघ्यावरून खाली आलेला आणि डावा मांडीत. येताना रेल्वेत जागा नव्हती म्हणून अख्खा प्रवास मूर्ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून बसले होते असं आई सांगते. बाबा चार वर्षांपूर्वी गेले.

आता झालं असं की मार्चमध्ये घराला रंग दिला, जुनं शोकेस काढून टाकलं आणि मूर्ती हॉलमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली. एप्रिलमध्ये त्याच खिडकीत कूलर लागला. परवा रात्री झोपेत टक् असा आवाज आला, कुणी लक्ष दिलं नाही, आणि सकाळी आई वंदनेला बसली तर डाव्या खांद्यापासून छातीपर्यंत सरळ उभी भेग. तीन व्हिजिटिंग कार्डं एकत्र आत जातात एवढी रुंद.

मामा म्हणतात मूर्ती खंडित झाली, घरात ठेवू नका, कन्हान नदीत नेऊन सोडून द्या. ओळखीचा सुतार म्हणतो लांबी भरून वरून पॉलिश मारतो, कळणारपण नाही. आई दोन दिवस धड जेवली नाहीये. मला काहीच सुचत नाही, कुणाला यातलं माहीत असेल तर प्लीज सांगा.

धम्मसखी | ३ मे, रात्री १०.४०

दादा, आधी आईंना सांगा की काही अशुभ वगैरे झालेलं नाही. खंडित मूर्ती घरात ठेवू नये ही कल्पनाच आपल्या धम्मातली नाही. आपण प्राणप्रतिष्ठा करत नाही, त्यामुळे मूर्तीतून काही निघून गेलं असंही होत नाही. आपण मूर्तीपुढे बसतो ते तथागतांचे गुण आठवायला. अजिंठा, वेरूळ, औरंगाबाद लेण्यांत नाक गेलेल्या, बोटं गेलेल्या किती मूर्ती आहेत, आणि आपण सगळे तिथे जाऊन हात जोडून त्रिशरण म्हणतोच ना? कन्हानला नेऊ नका हो, बाबांनी मांडीवर आणलेली आहे ती.

लकडगंज_काका | ३ मे, रात्री ११.२०

भाऊ, लांबी नका भरू. मी लकडगंजात चाळीस वर्षं लाकडात काढली, म्हणून सांगून रायलो. आत्ता मे महिना हाय, लाकूड सुकून आकसलं हाय म्हणून भेग उघडली. आता तुमी त्याच्यात लांबी ठासून भरली, की पावसाळ्यात लाकूड फुगन अन् त्याले आत यायले जागाच नाई रायनार. लांबी दगडावानी कडक झालेली असते, ते काई दबत नाई. मंग लाकूड दुसरीकडून फाटते, अन् पुढच्या उन्हाळ्यात भेग पहिल्यापेक्षा मोठी होते. असे दरवाजे, देव्हारे मी लई पाह्यले.

आधी कूलरसमोरून उचला. आत्ताच उचला, सकाळची वाट नका पाहू. भेगेचा फोटो टाका, बुडाचापन टाका.

इंदोरा_चौक | ३ मे, रात्री ११.३५

उचलली काका. आतल्या खोलीत आईच्या कपाटावर ठेवली, तिथे ऊन येत नाही आणि कूलरची हवापण नाही. फोटो टाकतोय, बुडाचा पण.

लकडगंज_काका | ४ मे, सकाळी ७.०५

पाह्यला फोटो. बुडाले गोल रेघा दिसते ना, अन् मधात काळपट ठिपका? तो झाडाचा गर हाय, खोडाच्या अगदी मधातला भाग. म्हणजे मूर्ती अख्ख्या गोल ओंडक्यातून कोरली, गर आतच ठेवून. असं लाकूड भेगलते. कारन सांगतो. लाकूड उभ्या दिशेनं जवळजवळ आकसतच नाई, आकसते ते आडवं, अन् आडव्यातही गोल रेघांच्या दिशेनं जेवढं आकसते त्याच्या निम्मंच गरापासून सालीकडच्या दिशेनं आकसते. म्हणजे बाहेरचा घेर कमी व्हायले पाह्यते अन् आतलं पोट तेवढं कमी होत नाई, मंग घेर कुठंतरी फाटतेच. भेग नेहमी सालीकडून गराकडे जाते, तुमची पन तशीच गेली. त्यात इकडून कूलरचा ओला वारा अन् तिकडून लू. एक बाजू फुगली, एक सुकली. सागवान दमदार लाकूड हाय म्हणून एवढी वर्षं धरून होतं, दुसरं असतं तर कधीचंच गेलं असतं.

वाचनवेडी_धरमपेठ | ४ मे, सकाळी ९.५०

काकांनी सांगितलं ते वाचून मला जपानी मूर्तींचं आठवलं. तिथेही सुरुवातीला मूर्ती एकाच ओंडक्यातून कोरायचे आणि त्यांना हाच त्रास व्हायचा, म्हणून मग ते मूर्ती मागून किंवा खालून पोखरून आतून पोकळ करायला लागले, म्हणजे गर निघून जातो आणि लाकडाची जाडीपण सगळीकडे सारखी राहते. पुढे अकराव्या शतकात जोचो नावाच्या शिल्पकाराने अनेक ठोकळे जोडून मूर्ती करायची पद्धत पूर्णत्वाला नेली. क्योतोजवळ उजीला ब्योदोइन मंदिरात त्याने केलेली अमिताभ बुद्धाची मूर्ती आहे, १०५३ ची, बसलेली असूनही जवळपास पावणेतीन मीटर उंच, आणि अजून शाबूत आहे. बसलेल्या मूर्तीत मांडीचा भाग तर वेगळ्याच आडव्या ठोकळ्याचा असतो, कारण धड उभं आणि मांड्या आडव्या, मग लाकडाच्या रेषापण तशाच हव्यात.

आणि ती पोकळी रिकामी ठेवत नसत, त्यात सूत्रं, लहान मूर्ती, दान देणाऱ्यांची नावं ठेवायचे. क्योतोच्या सेइर्योजी मंदिरात शाक्यमुनींची एक मूर्ती आहे, चोनेन नावाच्या भिक्खूने ९८५ साली चीनमध्ये करवून घेऊन जपानला नेलेली. १९५४ मध्ये तिच्या पोटात रेशमी कापडाचे शिवलेले अवयव सापडले, फुप्फुसं, काळीज, आतडी सगळं. कुणीतरी बसून ते टाके घातले असतील, आणि ते कुणाला दिसणार नाहीत हे माहीत असून घातले असतील, हा विचार माझ्या मनातून जातच नाही.

प्रज्ञा_कामठी | ४ मे, सकाळी ११.१०

ताई किती छान लिहिलंत! आमच्याकडे कामठीला ड्रॅगन पॅलेसमध्ये जी बुद्धमूर्ती आहे ती पण लाकडाचीच आहे, चंदनाच्या. जपानच्या मदतीने १९९९ मध्ये ते विहार झालं. मी लहान असताना आजी न्यायची तेव्हा मला वाटायचं आत गेल्यावर वास येईल, मी मुद्दाम जोरात श्वास घ्यायचे.

मला एक विचारायचंय, थोडं विषय सोडून आहे. दादांच्या मूर्तीत हात खाली आहे त्याचा अर्थ काय? आमच्याकडे सगळे त्याला आशीर्वादच म्हणतात.

धम्मसखी | ४ मे, दुपारी १.३०

प्रज्ञा, विषय सोडून कुठे, हाच तर विषय आहे. ती भूमिस्पर्श मुद्रा. बोधिवृक्षाखाली बसलेले असताना मार, म्हणजे मोहात पाडणारा, आला आणि म्हणाला तू या आसनावर बसायला पात्र आहेस याला साक्षीदार कोण? तेव्हा सिद्धार्थांनी उजव्या हाताने जमिनीला स्पर्श केला, ही पृथ्वी साक्षीदार आहे. वर आकाशाकडे बोट नाही दाखवलं, कुठल्या देवाला नाही बोलावलं, ज्या मातीवर बसले होते तिलाच हात लावला. मला ही मुद्रा सगळ्यात जवळची वाटते. आणि दादांचे बाबा ती बोधगयेहूनच घेऊन आले, जिथे हे घडलं तिथूनच.

आशीर्वाद म्हणतात ती बहुतेक अभय मुद्रा, उजवा हात खांद्यापर्यंत वर आणि तळवा समोर, भिऊ नका असं सांगणारी. तळवा समोर ठेवून हात खाली सोडलेला असेल तर वरद, दान देणारी. दोन्ही हात छातीपाशी आणि बोटांचं चक्र केलेलं ती धम्मचक्र प्रवर्तन, सारनाथची सुप्रसिद्ध मूर्ती तीच. दोन्ही तळवे मांडीत एकावर एक ती ध्यान. उजव्या कुशीवर पहुडलेली मूर्ती म्हणजे महापरिनिर्वाण, बरेच लोक तिला झोपलेला बुद्ध म्हणून घेऊन जातात आणि बेडरूममध्ये ठेवतात, ते बघून मला फार वाईट वाटतं, तो शेवटचा क्षण आहे हो. लांब कानाच्या पाळ्या राजपुत्र असताना घातलेल्या जड कुंडलांच्या, ती टाकून दिली पण पाळ्या तशाच राहिल्या.

लकडगंज_काका | ४ मे, दुपारी ३.००

ताईनं मुद्रा सांगितल्या त्याच्यात माह्यी एक गोष्ट जोडतो. उभ्या लाकडात कोरलं की भूमिस्पर्शाचा हात लई मजबूत असते, कारन बोटं खाली अन् लाकडाच्या रेषापन वरून खाली. अभयचा हातपन तसाच. पन मांडीतला डावा तळवा पाहा, बोटं आडवी असते अन् रेषा त्यायले कापून जाते. तिथं लाकूड बिस्किटावानी तुटते. मूर्ती पुसतानी कपडा अडकला की पहिले तेच बोट जाते. म्हणून मांडीजवळ कपडा घालूच नका, ब्रश वापरा. अन् उचलतानी डोक्याले नाई, हातालेपन नाई, दोन्ही हात बुडाखाली घालून उचला.

इंदोरा_चौक | ४ मे, रात्री ९.२०

काका, खरंच डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे! आम्हाला वाटायचं मूर्ती तशीच आली. आईला विचारलं तर म्हणाली मी चौथीत असताना दिवाळीच्या साफसफाईत माझ्याच हातून गेली होती, मी रडत होतो, आणि बाबांनी तो तुकडा एका डबीत ठेवला होता. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. डबी शोधतोय.

भूमिपुत्र_पवनी | ५ मे, सकाळी ८.४०

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. आपण मूर्तीत फार गुंततोय असं वाटतं. सुरुवातीची काही शतकं बुद्धाची मानवी रूपातली मूर्ती करतच नव्हते. आमच्या पवनीला १९६९-७० च्या उत्खननात जो स्तूप निघाला त्यावर मुचलिंद नाग कोरलाय आणि त्याच्या फण्याखाली आसन आहे, रिकामं. सांचीला बोधिवृक्ष, चक्र, पावलं. मूर्ती आल्या त्या मथुरा आणि गांधारला, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो आचरणासाठी. लाकडाला भेग गेली म्हणून घरात कुणी जेवत नसेल तर तृष्णेबद्दल आपण काय शिकलो?

धम्मसखी | ५ मे, सकाळी १०.१५

भाऊ, तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे पण एक लक्षात घ्या, बाबासाहेबांनी स्वतः २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, रंगूनहून आणलेली. म्हणजे मूर्तीला त्यांचा विरोध नव्हता. आणि त्या माउलीचं जेवण लाकडासाठी नाही थांबलं, नवऱ्याची आठवण आहे ती. त्यांना तृष्णा शिकवायची ही वेळ नाही.

भूमिपुत्र_पवनी | ५ मे, सकाळी ११.००

मान्य ताई. मी घाईत लिहिलं. इंदोरा भाऊ, आईंना माझा जय भीम सांगा.

वाचनवेडी_धरमपेठ | ५ मे, दुपारी १२.२०

यात भर घालते. परंपरेत पहिली बुद्धमूर्ती लाकडाचीच सांगितलीय! तथागत आईला धम्म सांगायला तावतिंस या देवलोकात गेले होते तेव्हा त्यांचा विरह सहन होईना म्हणून राजाने चंदनाची मूर्ती करवून घेतली अशी कथा. चिनी प्रवासी फा-हियान यात राजा प्रसेनजिताचं नाव घेतो आणि ह्युएनत्संग कौशांबीच्या उदयनाचं. इतिहास म्हणून धरायची नाही, पण जवळचं माणूस दिसेनासं झालं म्हणून मूर्ती केली ही कल्पना या घराला किती लागू पडते बघा.

नवखा_जरीपटका | ५ मे, दुपारी ४.४५

सगळं वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. माझ्याकडे लहान लाकडी मूर्ती आहे, एक फूट, तिच्याखाली पिवळट पावडर पडते रोज थोडी. वाळवी आहे का? आणि एकाने सांगितलं वर्षातून दोनदा जवसाचं तेल लावा म्हणजे कीड लागत नाही, लावू का?

लकडगंज_काका | ५ मे, संध्याकाळी ६.३०

वाळवी नसन. वाळवी आली तर मातीच्या नळ्या दिसते, जमिनीपासून नाईतर भिंतीतून येते. बारीक भोकं अन् टाल्कम पावडरसारखा भुसा म्हणजे घुण, भुंगा म्हणते त्याले. तो पांढऱ्या लाकडात लागते, सालीजवळच्या. सागवानाच्या पक्क्या गाभ्यात सहसा नाई लागत. पहिले भुसा झटकून मूर्ती काळ्या कागदावर ठेवा अन् दोन हप्ते पाहा. हलवल्याबिगर नवीन भुसा पडला तर कीडा जिवंत हाय. नाई पडला तर जुना भुसा हलवल्यानं पडत होता. बाकीच्या मूर्तीपासून, फर्निचरपासून दूर ठेवा तवरी.

जवसाचं तेल अजिबात नाई. ते सुकते पन हळूहळू सुकते, तवरी चिकट रायते अन् सारी धूळ धरते, दोन-तीन सालात मूर्तीचा चेहरा काळा. खोबरेल तर त्याहून वाईट, सुकतच नाई अन् वास मारते. अजून एक, जवसाच्या तेलात भिजलेल्या कपड्याचा बोळा करून कोपऱ्यात फेकला तर तो आपोआप तापते अन् पेटते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर बिलकुल रिस्क नका घेऊ. वापरलाच असन कोनं तर बोळा पसरून बाहेर वाळवा नाईतर पान्यात बुडवून ठेवा.

वाचनवेडी_धरमपेठ | ५ मे, रात्री ८.००

घुण जिवंत असेल तर संग्रहालयांत वापरतात तो उपाय घरी करता येतो, फक्त मूर्ती लहान, साधी, न रंगवलेली असेल तरच. प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून, हवा काढून, टेपने पूर्ण बंद करायची आणि डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा-वीसला दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक अख्खा दिवस तशीच, नाहीतर थंड लाकडावर पाणी जमा होतं. सोन्याचा वर्ख, लाख किंवा रंग असेल तर हे करू नका, तसल्या मूर्तीला ओला कपडाही नको, जाणकाराला दाखवा. आणि कीटकनाशकाचा स्प्रे मारू नका, डाग पडतात आणि आपण रोज तिथेच बसून श्वास घेतो.

प्रज्ञा_कामठी | ५ मे, रात्री ९.१०

आणि मेणबत्ती, उदबत्तीचं काय? आमच्याकडे मूर्तीच्या अगदी पायाशी लावतात.

धम्मसखी | ५ मे, रात्री ९.४०

हे मी स्वतः अनुभवलंय. आमच्या विहारातल्या एका लाकडी मूर्तीच्या हनुवटीखाली काजळी साचून दाढीसारखा काळा पट्टा झाला होता. कुणीतरी ओल्या फडक्याने साबण लावून पुसलं आणि काजळी लाकडाच्या छिद्रांत अजून आत गेली, आता निघतच नाही. आता आम्ही मेणबत्ती दोन फूट पुढे, वेगळ्या पितळी ताटात ठेवतो. फुलंपण थेट मांडीत नाही ठेवायची, ओल्या देठाचा डाग पडतो, पुढे ताटलीत ठेवायची. बुद्धपौर्णिमेला खिरीची वाटीसुद्धा त्याच ताटात. अंतर ठेवल्याने भाव कमी होत नाही.

इंदोरा_चौक | ९ मे, रात्री १०.३०

डबी सापडली! बाबांच्या जुन्या ट्रंकेत, त्यांच्या कामाच्या ठिकाणच्या पासाबरोबर. करंगळीचा तुकडा कागदात गुंडाळलेला, आणि कागदावर बाबांच्या अक्षरात तारीख. आईने तो तुकडा तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली चल जेवायला बसू.

काका, तो चिकटवता येईल का? आणि मामांना मी तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. कन्हानचा विषय संपला.

लकडगंज_काका | १० मे, सकाळी ६.५०

चिकटवता येईन, पन आत्ता नाई. दिवाळीनंतर, हवा ना लई ओली ना लई कोरडी असते तवा. सरसाचा गोंद वापरू, जुना लाकडी सामानाचा सरस, तो गरम पान्यानं परत सुटते. चुकलं तर उलटं करता येते. इपॉक्सी लावली की कायमचं झालं. मी येऊन करून देईन, तुमी फक्त चहा पाजा.

भेगेचं आता काईच करू नका. दर पंधरा दिवसांनी तेच तीन कार्डं घेऊन पाहा किती जाते, लिहून ठेवा. कार्ड ढकलू नका, नुसतं टेकवून पाहा.

इंदोरा_चौक | २२ ऑगस्ट, रात्री ९.००

मंडळी, धागा वर काढतोय.

१५ मे, तीन कार्डं. १ जूनला पण तीन, थोडी सैल. पाऊस सुरू झाला आणि जूनच्या शेवटी दोन. जुलैत एक, अडकत अडकत. आज एक कार्डसुद्धा जात नाही, फक्त केसाएवढी रेघ दिसते, तीपण उजेड बाजूने पाडला तरच. सुताराकडून मे महिन्यात लांबी भरून घेतली असती तर काय झालं असतं या विचाराने अंगावर काटा आला.

मूर्ती आता आतल्या खोलीतच राहणार, बाहेरच्या भिंतीला न लावता, आतल्या भिंतीच्या बाजूला, तळाला पातळ लाकडी पट्टी ठेवून म्हणजे खालून हवा खेळते. आईने मऊ केसांचा मेकअपचा नवा ब्रश आणलाय, दर रविवारी वरून खाली झटकते. पुढे पितळी ताट. त्यात रोज चाफ्याची दोन फुलं.

काका, दिवाळीनंतरचा कुठला रविवार जमेल ते सांगा. डबी कपाटात वरच्या खणात ठेवलीय.

लकडगंज_काका | २२ ऑगस्ट, रात्री ९.४५

भाऊ, पुढच्या मे मध्ये रेघ परत उघडन, तवा घाबरू नका. तीन कार्डांपेक्षा जास्त गेली तरच फोन करा. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी दहा. सरस मी घेऊन येतो, गरम पानी तयार ठेवा.